परतीचं पान आधी

फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये हात घालून चहाचा डबा शोधत होते. इथे आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात आणि नऊ वर्षांत माझ्याही तोंडात तोच शब्द बसलाय. पलीकडे दिलीप होता, महेशचा चुलतभाऊ, कोयनानगरहून. "वैनी, दादा हाईत का घरात?" महेश, माझा नवरा, ब्युमॉन्टला हॉस्पिटलात ड्यूटीवर होता. मी तसं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "तात्या गेलं, वैनी. सकाळी च्या पिलं, कप इसळून पालथा घातला, पायरीवर येऊन बसलं, आन् तिथंच…" अशा वेळी माणूस काय विचारेल याचा नेम नसतो. मी विचारलं, "कप धुतला होता त्यांनी?" तो म्हणाला, "व्हय वैनी, धुतला हुता." आणि मग आम्ही दोघंही फोनवर रडलो. त्याला आता सहा आठवडे झाले.

तात्या म्हणजे माझे सासरे. कोयना धरणाच्या फुगवट्यावर त्यांनी एकतीस वर्षं सरकारी लाँच चालवली. धरण भरलं तेव्हा ते तेरा वर्षांचे होते आणि त्यांचं स्वतःचं गाव त्याच पाण्याखाली गेलं. पुढे मोठे झाल्यावर त्याच पाण्यावर ते नोकरीला लागले. पलीकडच्या काठावर उरलेल्या वाड्यांमधली माणसं, त्यांची कोंबडी, रेशन, बाळंतिणी, शाळामास्तर, सगळं त्यांनी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे नेलं. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा ते निवृत्त झालेले होते. कोथरूडची मुलगी, सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, पाण्याची जन्माची भीती. पुलावरून जाताना रिक्षात डोळे मिटणारी. त्यांच्याशी मी काय बोलणार होते? पहिली सहा-सात वर्षं "जेवलात का तात्या" आणि "तू जेवलीस का पोरी" यापलीकडे आमची गाडी गेली नाही. सासूबाई गेल्यावर तर ते आणखीच गप्प झाले.

मग मार्च दोन हजार वीसमध्ये ते आमच्याकडे डब्लिनला, सँडीफोर्डच्या घरी आले. तीन महिन्यांसाठी. ते उतरले आणि आठवड्याभरात सगळं जग बंद झालं. तीन महिन्यांचे सोळा महिने झाले. महेश भूलतज्ज्ञ, त्यामुळे तो रोज त्याच आजारात हात घालून घरी येणार. त्याने पहिल्या दिवसापासून स्वतःला छोट्या खोलीत कोंडून घेतलं. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं आणि तीन पावलं मागे यायचं. राहिलो कोण, तर चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांमध्ये मी, आमची दहा वर्षांची ईरा आणि तात्या. घरातून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, पुढे ते पाच झालं. मला खरं सांगायचं तर धडकीच भरली होती. ज्या माणसाने आयुष्य उघड्यावर काढलं त्याला मी या खुराड्यात कसं सांभाळू?

त्यांनीच मला सांभाळलं. सकाळी माझी मीटिंग सुरू व्हायच्या आत ते लसूण सोलून ठेवायचे, कपडे वाळत घालायचे, ईराला मराठीत पाढे विचारायचे, आणि ती आयरिश हेल काढून इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघांचं मजेत चालायचं. बाहेर पडताना लिफ्टमध्ये ते मोठ्याने डोकी मोजायचे. पुढे महेश खोलीबाहेर आला तेव्हापासून, "एक, दोन, तीन, आन् म्या चार." परत येताना पुन्हा तेच. लिफ्टमधून कोण कुठे हरवणार, मी हसून विचारलं. ते म्हणाले, "सवय हाय. एकतीस वर्सं जितकी न्हेली तितकी आनली." बढाई नव्हती त्यात. पोस्टमन आपली बीट सांगेल तशा सुरात सांगितलं.

पहिला उन्हाळा असाच गेला. समुद्र आमच्या पाच किलोमीटरच्या आत येत होता, तेव्हा एकदा त्यांना तिथे नेलं. मला वाटलं, पाणी बघून खूश होतील. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "ह्येचा काय उपेग? पलीकडचा काठच न्हाई." मला जरा रागच आला. एवढा डब्लिनचा उपसागर, लोक फोटो काढायला येतात. पण त्या वाक्याने माझा पिच्छा सोडला नाही, आणि हिवाळ्यात, पुन्हा सगळं बंद झालं तेव्हा, मेथी निवडता निवडता मी त्यांना विचारलं, की तुम्हाला काय बघायचंय या देशात, एकच गोष्ट सांगा.

तेव्हा त्यांनी मला अक्काबद्दल सांगितलं. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, पलीकडच्या काठावरच्या वाडीत दिलेली. लाँच तिथे लागली की ती धक्क्यावर उभी असायची. फडक्यात भाकरी, ठेचा. दर खेपेला एकच म्हणायची, "बाळू, आजची रात ऱ्हा की रं. सकाळच्याला जा." आणि तात्यांना कधीच राहता आलं नाही, कारण दिवस मावळायच्या आत लाँच अलीकडच्या धक्क्याला बांधायची, असा नियम होता. सुट्टी घेतली तर लाँच बंद, आणि लाँच बंद तर जायचं कशाने? एकतीस वर्षं रोज ते पलीकडे गेले आणि एकदाही पलीकडे निजले नाहीत. "रिटायर झालो, म्हनलं आता जाऊ. तवर अक्का न्हवती ऱ्हायली…" मेथीच्या काड्या त्यांनी एकसारख्या जुळवल्या. "एक डाव तरी पलीकडं निजायचं हुतं, पोरी. कुठल्या का काठाला."

झालं. मी हट्टाला पेटले. माझा स्वभावच तो आहे, एकदा घेतलं की सोडायचं नाही. उत्तरेकडे मोठमोठी तळी आहेत आणि त्यांत बेटं आहेत, एवढं मला माहीत होतं. मी नकाशे छापून आणले आणि जमिनीवर पसरले. तात्यांनी चष्मा पुसून एका तळ्यावर बोट ठेवलं. लॉख अर्न. लॉख म्हणजे तळं. बेटंच बेटं, आणि पाण्याचे फाटे डोंगरांत घुसलेले. "ह्ये आमच्यावानी हाय," ते म्हणाले. ठरलं. बंदी उठली की तिथे जायचं, होडी भाड्याने घ्यायची, बेटावर तंबू ठोकायचा, एक रात्र राहायचं. बेटावर रस्ता नाही, दुकान नाही, होडीशिवाय पोहोचायची सोय नाही. मला पोहता येत नाही हे मी त्या क्षणी विसरले होते. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ईराकडून शाळेची एक कोरी वही मागून घेतली आणि उलटी धरली. मला वाटलं चुकून. "तात्या, शेवटचं पान आहे ते." म्हणाले, "व्हय. परतीचं पान आधी." ही त्यांची पद्धत होती, लाँचवरची. आधी परत यायचं लिहायचं: कुठल्या दिवशी, किती वाजायच्या आत, वारा कुठून असेल, इंजिन बंद पडलं तर काय, आणि परत येणारी डोकी किती. मग त्याच्या आधीच्या पानावर मुक्काम. त्याच्या आधी सामान. असं करत करत उलटं चालत यायचं आणि जाण्याचं पान सगळ्यात शेवटी भरायचं. "जायाला कुनीबी जातंय. त्येला काय अक्कल लागती?" आणि एक पक्का नियम: परतीच्या पानावरची डोकी आणि जाण्याच्या पानावरची डोकी जुळली पाहिजेत. नाही जुळली तर लाँच सुटायची नाही. मी चौदा वर्षं सॉफ्टवेअर तपासून पोट भरते. आमच्याकडे याच गोष्टीला भारी नावं आहेत, त्यावर दोन-दोन दिवसांची प्रशिक्षणं होतात. आणि हे सातवी पास गृहस्थ मेथीच्या जुड्या बाजूला सारून तेच करत होते. त्या दिवसापासून माझी त्यांच्याकडे बघायची नजर बदलली.

जानेवारी ते एप्रिल आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. होडी अठरा फुटी असणार असं कळल्यावर तात्यांनी निळ्या चिकटपट्टीने बैठकीच्या खोलीत होडी आखली. खोली पुरेना, म्हणून होडीचं नाक पार बाथरूमच्या दारापर्यंत गेलं. आडव्या फळ्या आखल्या, सामानाची जागा आखली. मग आम्हाला त्यात बसवायचे. उठायचं नाही. जागा बदलायची तर बूड टेकलेलंच ठेवून सरकायचं. पाण्याचे डबे मधोमध, तंबू पुढे. ईरा वैतागून म्हणायची, "आजोबा, वी'आर ऑन द कार्पेट!" त्यावर तात्या, "कार्पेटावर जमंना तर पान्यात कसं जमंल?" लाइफ जॅकेटं मागवली, तर एक स्वतः घालून ते दिवसभर घरात वावरले, कुठे काचतं ते कळावं म्हणून. माझ्या मीटिंगमध्ये मागून एक केशरी जॅकेट घातलेले आजोबा पोळ्यांचा डबा घेऊन गेलेले आमच्या अख्ख्या टीमने पाहिले. मी मात्र त्या पट्टीच्या होडीत बसतानाही भीतीने सोफ्याची कड धरून ठेवायचे. मी हसण्यावारी न्यायचे. तात्या मला कधी या फळीवर बसवायचे, कधी त्या, कधी पुढे तोंड करून, कधी मागे. मला वाटायचं वजनाचा हिशोब चाललाय.

महेश तोवर लस घेऊन त्या छोट्या खोलीतून बाहेर आला होता आणि हे सगळं थट्टेवारी नेत होता. तात्यांचा एक प्रश्न तर त्याच्या हसण्याचा खास विषय झाला. "धरन कुठं हाय?" प्रत्येक तळं दाखवलं की तात्या विचारायचे, धरण कुठं हाय? पाणी किती उतरतं? उन्हाळ्यात काठ किती खाली जातो? होडी बांधायला दोर किती लांब लागेल? महेश म्हणायचा, "तात्या, अहो ही नैसर्गिक तळी आहेत. देवाने केलेली. धरण-बिरण काही नाही." तात्या मान हलवायचे आणि वहीत लांब दोर लिहायचे.

आणि मग मी, चौदा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणारी, माझी स्वतःची चूक मला मे महिन्यात दिसली. प्रवासाची बंदी उठत होती. होडीचं भाडं बघायला बसले तर आकडा पौंडांत. मी म्हटलं, युरो का नाही? आणि मग कपाळावर हात मारला. लॉख अर्न सीमेपलीकडे आहे. नकाशावर तीच जमीन, तोच रस्ता, तीच हिरवळ, पण पलीकडे उत्तर आयर्लंड, म्हणजे दुसरा देश, दुसरा व्हिसा. महेशकडे आणि माझ्याकडे एव्हाना आयरिश पासपोर्ट होते. आम्ही दर वर्षी त्या बाजूला जाऊन येत होतो आणि आम्हाला काही जाणवतही नव्हतं. तात्यांचा पासपोर्ट भारतीय, आणि त्यावरचा व्हिसा फक्त इकडचा, तोही महामारी म्हणून सरकारने वाढवत नेलेला. ज्या बाईने सात वर्षं स्वतःच्या व्हिसाच्या कागदांच्या फायली छातीशी धरून रांगा लावल्या, ती पासपोर्ट बदलल्यावर दोन वर्षांत सगळं विसरली. याची लाज मला अजून वाटते.

महेश म्हणाला, "अगं, तिथे गेट नाही, चेकपोस्ट नाही, पाटीसुद्धा नाही धड. रस्त्याच्या पट्ट्यांचा रंग बदलतो तेवढाच. कोण बघतंय? ग्रँड होईल सगळं." मोह मलाही झाला. चार महिन्यांची तयारी होती, आणि तात्यांचं जुलैचं परतीचं तिकीट निघालं होतं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होतो, तर तात्या दारात. सगळं ऐकलेलं. महेशला म्हणाले, "पास नसलेला मानूस म्या लाँचमदी बसवला न्हाई कदी. आता सोता बसू व्हय?" आणि खोलीत जाऊन वहीतल्या लॉख अर्नच्या पानांवर एक-एक आडवी रेघ मारून आले. मी त्यांच्यासमोर बसून माफी मागितली. "तुजी चूक न्हाई. म्या इचारलं न्हाई, पलीकडं कुनाचं राज हाय म्हनून. माजंबी पान ऱ्हायलंच की." असं म्हणून त्यांनी नकाशा पुन्हा पसरला. "सीमेच्या अलीकडलं दाव."

अलीकडचं सापडलं. लीट्रिम परगण्यातलं लॉख ॲलन. मध्ये एक-दोन छोटी बेटं, एकावर जुन्या देवळाचे पडके दगड. होडीवाला डेक्लन नावाचा, फोनवर भरपूर बोलणारा माणूस. मी स्पीकर लावून तात्यांचा प्रश्न इंग्रजीत विचारला, महेश शेजारी हसत उभा होता. डेक्लन म्हणाला, कोणी विचारलं हे? यांना कसं कळलं? तळ्याच्या खालच्या टोकाला दारं आहेत, खाली नदीवर वीज करतात, त्यासाठी हे पाणी राखतात. वर-खाली होतं ते, होडी बांधताना दोर ढिला ठेवावा लागतो… मी भाषांतर करून सांगितलं. तात्यांनी महेशकडे एकदा असं काही बघितलं की डॉक्टरसाहेबांनी गुपचूप चहा टाकला. त्या दिवसापासून महेशही पट्टीच्या होडीत बसायला लागला.

जुलैचा पहिला शनिवार. मंगळवारी तात्यांचं विमान. म्हणजे एकच संधी: शनिवारी जायचं, बेटावर निजायचं, रविवारी परत. पहाटे डब्लिन सोडलं आणि दहाला तळ्यावर होतो. वारा नाही, पाणी शांत. तात्यांनी होडी पाहिली, इंजिनाची दोरी ओढून बघितली, डेक्लनच्या पाठीवर थाप मारली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि तरी जुने सोबती असल्यासारखे ते इंजिनावर वाकले होते. सामान चढलं. मी जॅकेटचे पट्टे आवळले, देवाचं नाव घेतलं. बेट समोर दिसत होतं, फार तर वीस मिनिटं. आणि तात्या काठावरच उभे राहिले. पश्चिमेच्या डोंगराकडे बघत. डेक्लनला त्यांनी माझ्याकरवी विचारलं, उद्या वारा कसा? तो म्हणाला, रेडिओवर म्हणतात जरा उठेल उद्या, पण शुअर, इट'ल बी ग्रँड. "कुठनं उठंल?" डेक्लनने हात दाखवला. तात्यांनी बेटाकडे पाहिलं, परत त्या हाताकडे पाहिलं. "सामान उतरवा," ते म्हणाले.

महेश वैतागला. वैतागणारच. "तात्या, समोर आहे हो बेट! मंगळवारी तुम्ही चाललात. परत कधी?" तात्या म्हणाले, "जायाला जमंल. यायाला न्हाई जमायचं. वारं तोंडावर येनार, होडी हलकी, ही पोर, आन् हिला पवता येत न्हाई." 'हिला' म्हणजे मला. मी म्हटलं, तात्या, माझ्यासाठी थांबू नका, मी काठावर राहते. ते हसले. "मग डोकी कशी जुळायची?" आणि पहिला डबा त्यांनी स्वतः उतरवला. सहा महिने ज्या रात्रीची वाट पाहिली ती त्यांनी पाच मिनिटांत सोडून दिली, आणि चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. मला मात्र रडू आवरेना. मी सामानाच्या मागे जाऊन डोळे पुसले.

डेक्लनने त्याच्या काठावरच्या कुरणात तंबू ठोकू दिला. संध्याकाळी खिचडी, भाजलेला पापड, आणि साडेनऊलाही सरत नाही असा इथला उजेड. तात्या तंबूच्या तोंडाशी बसून बेटाकडे बघत होते. मी शेजारी जाऊन बसले. विचारलं, वाईट वाटतंय? "वाटतंय की," ते म्हणाले. मग बेटाकडे बोट करून, "अक्काच्या धक्क्यावनं आमचा काठ असाच दिसायचा."

रविवारी सकाळी वारा आलाच नाही. अजिबात. पाणी ताटात ओतल्यासारखं. मला वाऱ्याचाच राग आला, आणि खरं लिहायचं तर क्षणभर तात्यांचाही. मी चहा देताना बोलून गेले, "तात्या, गेलो असतो तर चाललं असतं हो!" त्यांनी कप घेतला, पाण्याकडे बघितलं. "व्हय, चाललं असतं. पर काल कुठं म्हाईत हुतं?" त्यात खंत नव्हती आणि स्वतःची बाजू मांडणंही नव्हतं. वारा आला नाही याचा त्यांना खरोखर आनंद झाला होता. डेक्लनची दुसरी गिऱ्हाइकं त्या सकाळी बेटावर गेली, तर ती सुखरूप परत येईपर्यंत हे काठावर थांबले. त्यांचीही डोकी मोजली असणार. आजवर मी कामावर अनेकदा "थांबवा, हे अजून तयार नाही" म्हटलंय, आणि पुढे काहीच बिघडलं नाही की दोन दिवस तोंड लपवून फिरलेय. त्या सकाळपासून ते बंद झालं.

मंगळवारी विमानतळावर त्यांना आत सोडताना त्यांनी आमची डोकी मोजली. "एक, दोन, तीन." पुढचं बोलले नाहीत. आदल्या संध्याकाळी मी त्यांना वही सामानात घाला म्हटलं होतं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे हितंच. लागंल पुढल्या साली." मी ती प्रेसमध्ये चहाच्या डब्यामागे सारली. रोज चहा करताना हाताला लागायची. उघडून बघावंसं वाटलं नाही, त्यात काय आहे ते मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

महेश दिवसकार्य उरकून परत आला तेव्हा आम्ही वही काढली. शेवटच्या पानापासून उलटी वाचायला लागलो. लॉख अर्न, आडव्या रेघा मारलेलं. लॉख ॲलन, त्यावर रेघ नाही, फक्त "वारं" एवढं लिहिलेलं. आणि त्याच्या पुढे, त्याच बेटासाठी, आम्ही कधी न पाहिलेली पानं. विमानाच्या आदल्या दिवशी लिहिली असणार. त्यांच्या त्या सुट्या, ताठ अक्षरांत. "परत. रविवार, दोनच्या आत. वारं बघून. इंजिन महेश. डोकी तीन." मग मुक्काम, तंबूचं तोंड कुठल्या बाजूला. मग दोर. मग बसायच्या जागा, आणि तिथे एक ओळ: "मृणालला पुढल्या पाण्याकडं पाठ करून मधल्या फळीवर बसवावं. तिला तिथं भ्या कमी वाटतं." मृणाल म्हणजे मी. चिकटपट्टीच्या होडीत ते काय हिशोब करत होते ते मला तेव्हा कळलं… महेशने माझ्या हातातून वही घेतली, कारण मला पुढचं दिसत नव्हतं.

जाण्याचं पान कोरं होतं. वर फक्त "जाणं" आणि खाली "डोकी", पुढे जागा सोडलेली. नियमाप्रमाणे ते आम्ही भरायचं होतं. तीन. महेश कराडच्या संगमावर सगळं सोडून आला, पण एका छोट्या स्टीलच्या डबीत चिमूटभर रक्षा त्याने इकडे आणली आहे. मला आधी सांगितलं नव्हतं. ती डबी त्याने खिशातून काढून ओट्यावर ठेवली, पेन घेतलं आणि जाण्याच्या पानावर लिहिलं, "डोकी चार."

मी टेस्टर आहे. जाताना चार आणि येताना तीन, हे जुळत नाही, हे मला दिसलं. तात्यांच्या एकतीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं, आणि जुळलं नाही तर लाँच सुटत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. पण या वेळी एकाला पलीकडे मुक्कामाला राहायचंय. महेश माझ्याकडे बघत होता, मी काही म्हणते का ते. मी वही मिटली, तिच्यावर ती डबी ठेवली, आणि दोन्ही परत प्रेसमध्ये चहाच्या डब्यामागे ठेवून दिलं.